जुन्या अल्बमात ऑटिझम दिसतो का?

ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान कधीकधी मोठेपणी होतं, त्याबद्दल मागच्या अंकात या सदरात लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या टपालात पत्रांपेक्षा फोटोच जास्त निघाले. स्वतःच्या लहानपणचे फोटो, मुलांचे फोटो, मोबाइलवर टिपलेली अल्बमची पानं. सगळ्यांचा प्रश्न एकच, यात काही दिसतंय का? फोटो मी छापणार नाही आणि ज्यांनी मूळ प्रती पाठवल्या त्यांना त्या परत केल्या आहेत. चार पत्रांना इथे उत्तर देते. पहिल्याला जरा सविस्तर, कारण ते उत्तर मला स्वतःलाच फार उशिरा सापडलं.

प्रश्न : ताई, माझं वय ४१. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. तज्ज्ञ त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मला सारखं वाटत होतं, या तर माझ्याबद्दलच विचारताहेत. घरी आल्यावर मी आईकडून माझा अल्बम आणला. सहाव्या वर्षापर्यंतचे माझे ६३ फोटो आहेत. त्यातल्या १७ फोटोंत मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. एकात घरातल्या सगळ्या बूट-चपला ओळीनं लावून शेजारी बसले आहे. एकात माझ्या वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवताहेत आणि मी कानांवर हात ठेवून उभी आहे. वर्गाच्या फोटोत माझ्या आणि शेजारच्या मुलीच्या मध्ये एक मूल मावेल एवढी जागा मोकळी आहे. आई म्हणते, तू गुणी होतीस, कधी त्रास दिला नाहीस. मला वाटतं, उत्तर या फोटोंतच आहे. तुम्हाला काय दिसतं?

उत्तर : तुम्ही मोजून लिहिलंत, म्हणून मीही आकड्यांपासूनच सुरुवात करते. रोलच्या कॅमेऱ्यात फ्लॅश लावून फोटो काढला की पडदा साधारण १/६० सेकंद उघडा राहायचा. उन्हातल्या फोटोत त्याहूनही कमी. तुमचे ६३ फोटो एकाला एक जोडले तर जेमतेम एक सेकंद भरतो. सहा वर्षांतला एक सेकंद. त्याच्या साधारण पाव भागात तुमची नजर दुसरीकडे होती. ती कुठे होती, किती वेळ तिथेच राहिली, कुणी हाक मारल्यावर वळली का, वळून पुन्हा तिकडेच गेली का, यातलं काहीही त्या सेकंदात मावत नाही. मी मुलांना बघते तेव्हा मला नेमकं हेच बघायचं असतं.

शिवाय अल्बम निवडून लावलेला असतो. ३६ फोटोंचा रोल धुऊन आला की घरातलं कुणीतरी बसून चांगले फोटो वेगळे काढायचं. रडके, हललेले, पाठमोरे पाकिटात राहायचे. अल्बमात पोचायचं ते घरच्यांना आवडलेलं बालपण.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझ्या धाकट्या भावाला विचारूनच लिहिते आहे. हा मजकूर त्यानं वाचला आहे आणि एके ठिकाणी दुरुस्तही केला आहे.

त्याला वयाच्या ३८व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. तोवर मी बारा वर्षं लहान मुलांचं विकास-मूल्यमापन करत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं आणि त्याची बोच आजही गेलेली नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत त्याचा एक फोटो चौकटीत लावलेला होता. पाच वर्षांचा तो, दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबलेले, कोपरं वर, डोळे मिटून घेतलेले. निदान झालं आणि सगळ्यांची बोटं त्या फोटोकडे गेली. ‘बघा, तेव्हाच दिसत होतं.’ मीही तेच म्हटलं. पुढे दोन वर्षं, त्याची परवानगी घेऊन, मी तो फोटो विद्यार्थ्यांना दाखवत होते.

वडील गेल्यावर कपाट आवरताना निगेटिव्हचं पाकीट हाती लागलं. एक पट्टी सहज खिडकीशी धरली. काळ्याचं पांढरं झालेलं असूनही भाऊ लगेच ओळखू आला, तशीच कोपरं वर. आणि त्याच्या शेजारी आठ वर्षांची मी. माझेही दोन्ही हात कानांवर, तोंड उघडं. फोटो चौकटीत बसेना म्हणून वडिलांनी कात्रीनं कापला होता आणि त्यात माझी बाजू गेली. काहीतरी मोठा आवाज झाला असणार आणि दोन पोरांनी कान झाकले असणार. मला ऑटिझम नाही. दोन वर्षं मी विद्यार्थ्यांना जे दाखवत होते ते कात्रीचं काम होतं.

त्याच अल्बमाच्या पहिल्या पानावर त्याचा आणखी एक फोटो आहे. सात वर्षांचा, नीट भांग पाडलेला, सरळ कॅमेऱ्यात बघून हसतोय. हा फोटो कुणीच कधी पुरावा म्हणून पुढे केला नाही. निदानानंतर एकदा त्यानं मला सांगितलं, की ते हसू त्यानं आठवडाभर आरशासमोर बसवलं होतं. ओठ किती ताणले की वरचे सहा दात दिसतात हे त्याला पाठ होतं. फोटो काढून घरी आला तो पलंगाखाली जाऊन पडला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. (मी इथे ‘संध्याकाळपर्यंत’ लिहिलं होतं. ‘रात्रीपर्यंत’ ही त्याची दुरुस्ती.)

म्हणून कुणी मला फोटो दाखवला की मी आधी विचारते, याच्या अगोदर काय झालं आणि नंतर काय झालं? तुमच्या चपलांचंच घ्या. ओळी खूप मुलं लावतात. मला जाणून घ्यायचंय ते असं, की कुणी त्यातली एक उचलली तर तुम्ही काय करायचात? ओळ पुरी झाल्यावर आईचा हात धरून ‘बघ’ म्हणून तिकडे न्यायचात का, की ती कुणी बघावी असं तुम्हाला वाटायचंच नाही? हे एकदाच झालं की महिनोन्महिने रोज? कानांवरच्या हातांचंही तसंच. त्या टाळ्या अचानक कानाशी वाजल्या म्हणून हात वर गेले, की एरवीही घरातली यंत्रं, शाळेची घंटा, बाळाचं रडणं तुम्हाला सोसायचं नाही? आवाज, स्पर्श, उजेड फार तीव्रतेनं जाणवणं किंवा अजिबात न जाणवणं हे २०१३ पासून निदानाच्या निकषांत आहे. पण एका फोटोतून ते सिद्ध होत नाही, हे मी अंगावर ठेच घेऊन शिकले आहे. वर्गाच्या फोटोतल्या मोकळ्या जागेचा मात्र विचारच सोडा. तिथे कुणाला कुठे उभं करायचं ते फोटोग्राफर ठरवतो, आणि मधलं मूल खोकत बाजूला गेलं असेल तरी जागा मोकळीच दिसते.

आता आईचा ‘गुणी’. हा शब्द माझ्या वहीत शेकडो वेळा आलाय आणि तो मी कधी तसाच सोडून देत नाही. न रडणारं, एकटंच खेळणारं, सांगितलेलं ऐकणारं मूल, मुलगी असेल तर जास्तच, गुणी ठरतं. आईला ‘मी वेगळी होते का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘छे’ असंच येणार. एक फोटो तिच्या हातात द्या आणि विचारा, यात मी ज्या फ्रॉकमध्ये आहे तो मला आवडायचा का? कुठला कपडा मी अंगाला लागू द्यायची नाही? हे शेजारचं मूल कोण, मी त्याच्याशी काय खेळायचे? या फोटोत आहे त्या वयात मी वाक्य बोलायचे का? मोठ्यांच्या मूल्यमापनात आम्ही चार ते पाच वर्षांच्या वयाबद्दल बारकाईनं विचारतो. पण पस्तीस-चाळीस वर्षांनी कुठल्याही आईच्या मनात तीनचं आणि सहाचं मिसळलेलं असतं. फोटोला तारीख असते, त्यातले बूट, केस, पडलेला दात सगळं वय सांगतं. त्या खुंटीला धरून आई बोलायला लागली की मला हवं ते मिळतं. फोटोचा खरा उपयोग मी एवढाच मानते आणि तो थोडा नाही.

तुमच्या मनात आलेली शंका मात्र पोकळ नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे आणि मुलाच्या निदानानंतर स्वतःला ओळखणाऱ्या कितीतरी आई-वडिलांना मी भेटले आहे. तुमच्या लहानपणी कुणाला का सुचलं नाही, याचंही कारण आहे. १९४३ साली मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं पहिलं वर्णन करताना ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यात मुली होत्या ३. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. नीट बोलणाऱ्या, अभ्यासात ठीक असणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधलं ते ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या १९८१च्या लेखानं आणि त्या पुस्तिकेत अशा मुलांसाठी अ‍ॅस्पर्गर हे नाव आलं १९९४ साली. तोवर तुमचा हा अल्बम भरून झाला होता. शांत मुलीत हे शोधायचं असतं हे तेव्हा तुमच्या आईला कोण सांगणार होतं? तिच्यावर रागावू नका.

मूल्यमापन करून घ्या असं मी म्हणेन, पण १७ फोटोंसाठी नको. मुलाच्या तपासणीत ते प्रश्न ऐकताना तुम्हाला जे वाटलं त्यासाठी घ्या, आणि आज रोजच्या जगण्यात जे जड जातं त्यासाठी घ्या. तज्ज्ञांकडे जाताना पाचच फोटो न्या आणि त्यातले दोन असे निवडा ज्यांत तुम्ही छान कॅमेऱ्यात बघून हसताय.

प्रश्न : आमच्या मुलाला अडीच वर्षांचा असताना स्वमग्नतेचं निदान झालं. आता तो पाच वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो मी रोज रात्री बघतो. बहुतेक फोटोंत तो हसतोय, कॅमेऱ्यात बघतोय. मग तेव्हा तो ठीक होता आणि नंतर काही झालं, की तेव्हाही होतं आणि आम्हाला दिसलं नाही? त्या दिवशीचा ११ मिनिटांचा व्हिडिओही आहे. त्यात सगळे मेणबत्तीकडे बघताहेत आणि हा भिंतीवर हलणाऱ्या सावलीकडे. मी त्याला उचलून सावलीजवळ नेलं तर खळखळून हसला. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता धाकटी आठ महिन्यांची आहे. तिचा रोज एक फोटो काढतो आणि नजर कुठे आहे ते वहीत लिहून ठेवतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : आधी धाकटीचं, कारण ते आज हातात आहे. वही बंद करा. तुम्ही फोन तोंडासमोर धरता तेव्हा तिला तुमचा चेहरा दिसतच नाही. दिसते ती एक चकचकीत चौकोनी वस्तू. त्या वस्तूकडे धाकटी बघते की नाही यावरून माणसांकडे बघण्याबद्दल काहीच कळत नाही. फोन ठेवून द्या आणि ती कशात तरी रमलेली असताना मागून, नेहमीच्या आवाजात नावानं हाक मारा. नऊ महिन्यांच्या आसपास बाळ नावाला वळायला लागतं. वर्षाच्या सुमारास हात हलवून टाटा करतं. सव्वा वर्षाचं असताना आवडलेली वस्तू आणून दाखवतं, घेण्यासाठी नाही, नुसतं तुम्ही बघावं म्हणून. दीड वर्षापर्यंत बोटानं काहीतरी दाखवतं आणि तुम्ही बघताय ना, हे बघायला तुमच्या तोंडाकडे वळतं. बोटाकडून तोंडाकडे आणि तोंडाकडून पुन्हा बोटाकडे जाणारी ही नजर मला फार मोलाची वाटते. तिच्यासाठी मी तासन्‌तास जमिनीवर बसून राहिले आहे.

ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडाला ऑटिझम असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, म्हणून लक्ष ठेवणं योग्यच आहे. पाचातल्या चौघांना तो नसतो, हेही लक्षात असू द्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाचणी आहे. ती बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. त्यात काही निघालं तर ते निदान नव्हे, पुढच्या तपासणीची पहिली पायरी असते. हाकेला ती वळत नाही असं वाटलं, तर सोळा महिन्यांची वाट बघू नका. लगेच दाखवा आणि आधी कान तपासा. कमी ऐकू येणं ऑटिझम समजलं गेलंय आणि ऑटिझम बहिरेपणा समजला गेलाय, असं दोन्ही मी पाहिलं आहे.

आता थोरल्याचा वाढदिवस. तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर १९९४ साली ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी काम केलं. त्यांनी पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ मिळवले, ११ मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली आणि ११ बाकीची. चारच गोष्टी मोजल्या. मूल माणसांच्या चेहऱ्याकडे बघतं का, नावाला वळतं का, बोट दाखवतं का, वस्तू दाखवतं का. प्रत्येक गटातली ११ पैकी १० मुलं त्यावरून बरोबर ओळखता आली. म्हणजे खुणा होत्या, पण त्या प्रशिक्षित माणसांनी पुन्हा पुन्हा बघून मोजल्यावर हाती लागल्या, आणि तेही हलत्या चित्रात. हाकेला वळणं एका फोटोत कसं दिसणार? तुमच्या फोटोंत तो कॅमेऱ्यात बघतोय, तर एक आठवून बघा. कॅमेऱ्यामागे कुणी खुळखुळा वाजवत होतं का? चुटक्या? बहुतेक कुणीतरी असतंच.

२०१३ मध्ये वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी बाळांची नजर यंत्रानं मोजली. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं ती बाळं दोन महिन्यांची असताना बाकीच्या बाळांसारखीच डोळ्यांकडे बघत होती. ते बघणं दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू उतरत गेलं. आई-बापाच्या नजरेला कळणार नाही इतकं हळू. काही मुलांच्या बाबतीत दुसऱ्या वर्षात आलेले शब्दही जातात आणि मग घरच्यांना वाटतं, त्या महिन्यात काहीतरी झालं. ‘नंतर काही झालं का’ असं विचारणाऱ्या पालकांच्या मनात बऱ्याचदा लस असते. तुमच्या असेल तर स्पष्ट लिहिते. लशीचा संबंध सुचवणारा १९९८चा लेख १२ मुलांवर होता, तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतरच्या लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. धाकटीच्या लशी वेळेवर द्या.

तुमचं काही चुकलं नाही. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं एके काळी तज्ज्ञच सांगायचे आणि १९६७ पर्यंत ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारखे लोक त्यावर पुस्तकं लिहीत होते. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच ते खोडून काढलं होतं. १९७७च्या जुळ्यांच्या अभ्यासानंतर आनुवंशिकतेबद्दल शंका उरली नाही. तरी तो जुना दोष अजून घराघरांत राहिलाय. बापांनी आता तो आपल्या अंगावर घेऊ नये.

तुमच्या पत्रातलं सावलीचं वाक्य मी दोनदा वाचलं. तो सावली बघत होता, तुम्ही त्याला सावलीजवळ नेलंत आणि तो हसला. चार वर्षांपूर्वी, काहीही माहीत नसताना, तुम्ही तेच केलंत जे मी आज पालकांना शिकवते. मुलाचं लक्ष जिथे आहे तिथे आधी आपण जायचं. म्हणूनच मी ‘स्वमग्नता’ हा शब्द शक्यतो वापरत नाही. ‘ऑटिझम’ या मूळ शब्दातही ‘स्व’ आहे (ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्व) आणि तो मुळात स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवलेला. तुमचा मुलगा त्या दिवशी स्वतःत मग्न नव्हता. सावलीत होता, आणि क्षणभर तुमच्याबरोबर होता. रात्री बघायचंच असेल तर फोटो ठेवून तेवढा व्हिडिओ बघा. आणि उद्या संध्याकाळी भिंतीशी दिवा लावून त्याच्यासमोर हात हलवून बघा.

प्रश्न : माझा भाचा दहा महिन्यांचा आहे. फोनवर एक अ‍ॅप आहे, चेहऱ्याचा फोटो टाकला की ऑटिझमची शक्यता सांगतं. त्यानं ७२ टक्के दाखवली. वहिनीला सांगू का?

उत्तर : सांगू नका. अ‍ॅप काढून टाका आणि त्यात टाकलेला फोटो पुसता येत असेल तर पुसा. बाळाचा चेहरा त्याच्या आई-वडिलांना न विचारता परक्या कुणाकडे पाठवणं मला बरोबर वाटत नाही. ऑटिझमला चेहरा नसतो. ज्या काही जनुकीय अवस्थांमध्ये चेहऱ्याची ठेवण बदलते, त्यांतल्या काहींसोबत ऑटिझमही असतो, पण तेही डॉक्टर तपासून ठरवतात. काळजी खरीच वाटत असेल तर वहिनीकडे चार तास जाऊन बसा, बाळाशी खेळा, वर लिहिलंय ते बघा. मग काही खटकलं तर जे पाहिलं तेवढंच सांगा.

फोटोत बघण्यासारखं एक आहे, ते मात्र सगळ्यांनीच बघावं. फ्लॅशच्या फोटोत मुलाच्या एका डोळ्यातली बाहुली लाल आणि दुसऱ्यातली पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. कधी ते कॅमेऱ्याच्या कोनामुळे होतं, कधी मोतीबिंदू असतो आणि कधी पडद्याचा कर्करोग, जो बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि लवकर कळला तर मूल वाचतं. हे निदान घरच्या फोटोमुळे लागल्याची कितीतरी उदाहरणं आहेत.

प्रश्न : वय ५८. मागच्या अंकातलं वाचून वाटलं, हे माझंच आयुष्य आहे. आई-वडील दोघंही नाहीत. लहानपणचे तीनच फोटो आहेत, त्यातल्या दोनांत मी कडेवर आहे. लहानपणाबद्दल सांगणारं कुणी नसेल तर निदान होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं. खुणा लहान वयापासून असायला हव्यात असं निकष सांगतात, पण त्या आईच्याच तोंडून कळायला हव्यात असं कुठेच म्हटलेलं नाही. लहानपणी जमून गेलेलं पुढे, जबाबदाऱ्या वाढल्यावर जमेनासं होतं, हेही त्या निकषांत धरलेलं आहे. थोरलं भावंड, चुलत-मावस भावंडं, शाळेपासूनचा मित्र, कुणीही चालेल. प्रगतिपुस्तकं असतील तर गुणांकडे बघू नका, शेरे वाचा. ‘वर्गात मिसळत नाही’, ‘हुशार आहे पण आपल्याच नादात असतो’, ‘खेळाच्या तासाला येत नाही’ असे शेरे मला फार कामाला आले आहेत. आणि तुमची स्वतःची आठवण आहे. मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे असायचात? त्या एका प्रश्नाचं उत्तर आज लिहून काढा. लांबलं तर लांबू द्या.

तीनही फोटो बरोबर न्या. नेण्याआधी अल्बममधून किंवा चौकटीतून बाहेर काढून उलटून बघा. त्या पिढीतली माणसं मागे काहीतरी लिहून ठेवायची. माझ्या भावाचा तो कान झाकलेला फोटो, निगेटिव्ह सापडल्यावर मी चौकटीतून काढला. मागे आईच्या अक्षरात तारीख होती आणि खाली फिकट पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘विमान फार खालून गेलं. दोघंही’. पुढचे शब्द कात्रीत गेले होते.